अमावास्येची सही

४ ऑगस्ट २०२२, गुरुवार. रेडिंग

वीज कंपनीचा मेल आला आहे, 'खास तुमच्यासाठी'. वाण्याने 'खास तुमच्यासाठी ठेवलंय' म्हणत पुढे केलेल्या पुडीकडे बाबा ज्या नजरेने बघायचे, त्याच नजरेने मी तो उघडला. बारा महिन्यांचा फिक्स, म्हणजे वर्षभर बांधलेला दर. वीज ४१ पेन्स युनिट, गॅस ११ पेन्स. मुदतीआधी सोडलं तर वीज आणि गॅस मिळून ३०० पौंड दंड. आत्ता आम्ही भरतोय ते विजेला २८ आणि गॅसला ७. म्हणजे ऑक्टोबरात महाग होणारच आहे, तर ऑगस्टपासूनच महाग घ्या.

ह्यांना वाचून दाखवलं. "सरकार काहीतरी करेलच," हे म्हणाले. सरकार म्हणजे कोण? जॉन्सन बोऱ्याबिस्तरा आवरतायत, आणि सुनक नि ट्रस रोज संध्याकाळी टीव्हीवर भांडतायत.

फिक्स या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. २०२० च्या शेवटी एका लहानशा कंपनीचा दोन वर्षांचा फिक्स घेतला होता. दर इतका छान, की मराठी मंडळातल्या चार घरांना मी तो सुचवला. पुढच्या शरदात घाऊक बाजारात गॅसचे भाव चढले आणि कंपनीच बुडाली. तेव्हापासून इथल्या तीसेक कंपन्या तशाच बुडाल्या. ऊर्जा नियामक ऑफजेमने आमचं खातं एका मोठ्या कंपनीच्या गळ्यात बांधलं. खात्यातली शिल्लक सुरक्षित राहिली, फिक्स मात्र गेला. त्या गडबडीत आमचा स्मार्ट मीटरही मुका झाला. स्वयंपाकघरातला छोटा पडदा अजून युनिट दाखवतो, पण पैसे दाखवत नाही. रीडिंग मीच घेते. रेडिंगमध्ये राहून दर एक तारखेला रीडिंग घेणारी मी एकटीच असेन.

आजच ऑफजेमने जाहीर केलं की ऑक्टोबरपासून प्राइस कॅप, म्हणजे दरांची कमाल मर्यादा, सहा महिन्यांऐवजी दर तीन महिन्यांनी बदलणार. म्हणजे वर्षातून चार वेळा धडधड.

मेल तसाच ठेवला आहे.

९ ऑगस्ट, मंगळवार

ऊर्जा बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कॉर्नवॉल इनसाइटचे कॅपबद्दलचे नवे अंदाज आले: ऑक्टोबरात ३,५८२ पौंड, जानेवारीत ४,२६६. ऑफिसात दिवसभर दुसरा विषय नाही. एकजण म्हणाला, "बरं आहे, निदान साडेतीन हजारांच्या वर तरी जाणार नाही." त्याला समजवायला माझा अख्खा लंच अवर गेला. कॅप बिलावर नाही, युनिटच्या दरावर आहे. ३,५८२ हा आकडा वर्षाला २,९०० युनिट वीज आणि १२,००० युनिट गॅस जाळणाऱ्या एका सरासरी घराचा. ते घर कुठल्या गल्लीत आहे, कुणालाच माहीत नाही. तुम्ही जास्त जाळलंत तर जास्त भराल. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "पण टीव्हीवर तर कॅप म्हणाले."

रात्री आमच्या घराचा आकडा काढायला बसले. जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्युम क्लीनर, छत्र्या आणि गणपतीच्या मखराचे तुकडे बाजूला सारून, मोबाइलच्या उजेडात गुडघ्यावर बसून गॅस मीटर वाचला. तो घनमीटर सांगतो, बिल येतं युनिटचं. घनमीटरला १.०२२६४ ने गुणायचं, मग त्या महिन्याच्या उष्मांकाने, म्हणजे साधारण ३९.५ ने, आणि ३.६ ने भागायचं. एका घनमीटरचे सव्वाअकरा युनिट होतात. बाबा असते तर खूश झाले असते, त्यांना असले हिशेब फार आवडायचे.

वर्षाची वीज ३,२०० युनिट, गॅस १३,०००. आजच्या दराने, रोजचा ७२ पेन्सचा स्टँडिंग चार्ज धरून, २,०७० पौंड. मेलमधल्या फिक्सने ३,००५. वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि मधे जागा सोडली, कारण खरा आकडा अजून यायचा आहे.

हजार पौंड जास्त द्यायचे, आणि ते पुढे वाचतील या आशेवर! सही करायला हात धजेना.

१४ ऑगस्ट, रविवार

आईचा कराडहून फोन. तिला सगळं सांगितलं. "म्हणजे मुदत ठेवच की," ती म्हणाली. उलटी ठेव, मी म्हटलं. ठेवीत व्याज उतरेल म्हणून बांधायचं, इथे दर चढेल म्हणून.

"आणि दर उतरला तर?"

"तर दंड भरून बाहेर पडायचं."

"बँक तरी बरी मग."

तिचं स्वतःचं शास्त्र अगदी सोपं आहे. महावितरणचं (ती अजून एमएसईबीच म्हणते) घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं. शंभर युनिटपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत दुसरा. महिन्याच्या वीस तारखेपासून ती रोज मीटरकडे बघते आणि शंभराच्या आत राहते, राहायला माणूस एकच असलं तरी. बिलावरचा स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार तिला तोंडपाठ. इथे असं काही नाही, पहिला युनिट आणि तीन हजारावा युनिट एकाच भावाचे, हे ऐकून तिला धक्काच बसला. "मग काटकसर करणाऱ्याला काय मिळतं?"

काही नाही, मी म्हटलं. उलट स्टँडिंग चार्ज सगळ्यांना सारखाच.

ती थोडा वेळ गप्प राहिली. "तुमच्याकडे कंपनी तरी निवडता येते," मग म्हणाली. दादा बोरिवलीला राहतो, त्याने अदानी की टाटा असा निवडीचा खेळ एकदा खेळून बघितला होता. कराडला तो प्रश्नच नाही.

१८ ऑगस्ट, गुरुवार

लेकाचा ए-लेव्हलचा निकाल. लीड्सला मिळालं! वीज, गॅस, कॅप, काही नाही आज.

(रात्री झोपताना मात्र मनात आलंच: तो गेल्यावर वरच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद होणार. दिवसाला दोन-तीन युनिट. आणि त्याचं बिल तिथल्या हॉलच्या भाड्यातच आहे. आई म्हणून लाज वाटली, पण वहीत नोंद केली.)

२६ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सकाळी सातला आकडा आला. ३,५४९. ऐंशी टक्के वाढ. वीज ५२, गॅस १५. आमच्या घराला वर्षाचे ३,८८०. रेडिओवर एक बाई रडत होत्या.

दुपारी ऑफिसातून कंपनीच्या खात्यात डोकावले. ४१ आणि ११ चा फिक्स नाहीसा झालेला, मागमूस नाही. त्या जागी नवा: वीज ४७, गॅस १३, दंड तोच. तीन आठवडे विचार केला त्याची ही किंमत, वर्षाला साडेचारशे पौंड. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की हा दर आज मध्यरात्रीपर्यंतच.

संध्याकाळी आम्ही दोघं वही घेऊन बसलो. नवा फिक्स ३,४६०. कॅप ३,८८०, पण ती फक्त डिसेंबरअखेरपर्यंत. जानेवारीचा कॉर्नवॉलचा नवा अंदाज ५,३८७, एप्रिलचा ६,६१६. हे आकडे वाचताना हसू येतं, इतके ते मोठे आहेत. फिक्सचा तोटा एकच, की तो उद्यापासून लागू होणार. सप्टेंबरभर शेजारपाजारचे २८ ने वीज घेतील आणि आम्ही ४७ ने. पण उन्हाळ्यात हीटिंग बंद, गॅस फक्त आंघोळीला आणि स्वयंपाकाला. काढून बघितलं: पाच आठवड्यांचे पंचाहत्तर पौंड जास्त.

"आणि सरकारने काही केलं तर?" हे म्हणाले.

"तर चौदा दिवसांत रद्द करता येतं."

"चौदा दिवसांत नवी पंतप्रधान बाई येऊन, बसून, विचार करून..."

बरोबर होतं त्यांचं. तरी मी घेतला. रात्री ११:४० ला, खिडकीला जाऊन आधी बाहेरचा अंधार बघून, 'मला मान्य आहे' वर बोट ठेवलं. खरं सांगायचं तर हिशेब बरोबर होता म्हणून नाही. तीन आठवडे रोज सकाळी डोळे उघडल्या उघडल्या पहिल्यांदा गॅसचा भाव बघत होते. ते थांबवायचं होतं, आणि त्याचे जे काही पैसे पडतील ते द्यायची तयारी झाली होती.

२७ ऑगस्ट, शनिवार

आईला सांगितलं. "काल रात्री? अगं, अमावास्या होती!"

३१ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

एकवीस उकडीचे मोदक. पहिली वाफ धरेपर्यंत कुकरच्या तळाशी निळी ज्योत फडफडत होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा ज्योतीत पेन्स दिसले. किटली लावली की पडद्यावरचा हिरवा दिवा लाल होतो, तीन किलोवॉट. ओव्हनचंही तेच. पाहुणे येण्याआधी पडदा पालथा घालून ठेवला.

आरती झाल्यावर वीस माणसं आणि एकच प्रश्न: "तुम्ही फिक्स केलं का?" पूर्वी हा प्रश्न मुलांच्या शाळेबद्दल असायचा. एकाने गेल्या सप्टेंबरात दोन वर्षांचा फिक्स घेतला होता, वीज १९ पेन्स, २०२३ च्या शरदापर्यंत. सगळे त्याच्याकडे लॉटरी लागलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. तो मात्र अवघडून म्हणाला, "अहो, मी विसरूनच गेलो होतो. बायकोने केलं होतं ते." दुसऱ्याच्या छपरावर सोलर आहे, तो महिन्याचा आलेख मोबाइलवर दाखवत हिंडत होता, नवजात बाळाचा फोटो दाखवावा तसा. माझा ४७ चा दर ऐकून एक वहिनी म्हणाल्या, "बाई गं." एवढंच.

आज रशियाने नॉर्ड स्ट्रीममधून येणारा गॅस तीन दिवस बंद केला, दुरुस्तीसाठी म्हणे.

३ सप्टेंबर, शनिवार. गौरी आवाहन

दुरुस्ती संपली नाही. गॅझप्रॉमने काल सांगितलं, पाइपलाइन बेमुदत बंद. आज माझा ४७ चा दर मला स्वस्त वाटला. दोघी गौरींना आत आणताना मी जरा ताठ मानेने चालत होते, असं ह्यांचं म्हणणं आहे.

शेजारच्या आजींना पुरणपोळी द्यायला गेले. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांच्याकडे प्रीपेड मीटर: कोपऱ्यावरच्या दुकानात किल्लीत पैसे भरून आणायचे आणि ती मीटरमध्ये खोचायची. फिक्सबद्दल त्यांना विचारलं. "ते तुमच्यासारख्यांसाठी, डार्लिंग," त्या म्हणाल्या. चिडून नाही, सहज. प्रीपेडवाल्यांना फिक्स सहसा देतच नाहीत, आणि त्यांची कॅप तर आमच्यापेक्षाही थोडी जास्त आहे. मी घरी येऊन वही उघडली नाही.

८ सप्टेंबर, गुरुवार

ट्रसबाई मंगळवारी पंतप्रधान झाल्या. आज सकाळी संसदेत उभ्या राहून त्यांनी सांगितलं: १ ऑक्टोबरपासून सरासरी घराला वर्षाचे २,५००, दोन वर्षं. वीज ३४, गॅस १०.३. वर सगळ्यांना आधीच जाहीर झालेले ४०० पौंड.

म्हणजे 'सरकार काहीतरी करेलच'. हे काही बोलले नाहीत. न बोलण्यातही माणूस किती बोलू शकतो!

लगेच गणित: आमच्या घराला साधारण २,७००. फिक्सने ३,४६०. मी तेराव्या दिवशी शहाणी झाले होते.

कंपनीला फोन करणार, तोच राणीची तब्येत बरी नसल्याची बातमी आली. साडेसहाला त्या गेल्याचं जाहीर झालं. टीव्हीवर निवेदक काळ्या टायमध्ये, सकाळच्या अडीच हजारांचा कुणाला पत्ता नाही. फोन केलाच नाही. त्या संध्याकाळी विजेच्या दराची चौकशी करणं मला जमलं नाही.

९ सप्टेंबर, शुक्रवार. अनंत चतुर्दशी

रद्द करण्याचा शेवटचा दिवस. वेबसाइटवर ते बटण सापडेना. घेण्याचं बटण घराएवढं होतं.

दुपारी चारला फोन लावला. आधी राणीबद्दल शोकसंदेश, मग नेहमीचं संगीत. पाचला उत्तरपूजा. फोन स्पीकरवर ठेवून मी दही-पोह्यांचा नैवेद्य दाखवला. एकीकडे 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' आणि दुसरीकडे ह्यांची आरती. शाडूची मूर्ती पाटावरून उचलून न्हाणीघरातल्या मोठ्या टबात नेली. पाण्यात सोडताना बुडबुडे आले, सोंडेवरचा रंग आधी सुटला, आणि नेमका तेव्हाच खालून एका मुलाचा आवाज, "हॅलो? हॅलो?" ओल्या हातांनी जिना उतरले.

मुलगा विशीतला असावा. फार सभ्य, फार दमलेला. सकाळपासून हेच करतोय म्हणाला. "खात्री आहे ना? सरकारने तपशील अजून दिलेले नाहीत. फिक्सवाल्यांनाही सवलत मिळेल असं म्हणतायत." त्याने असं म्हणायला नको होतं. मी क्षणभर गप्प. वर टबात गणपती विरघळत होता.

"रद्द करा," मी म्हटलं.

२४ सप्टेंबर, शनिवार

लेकाला लीड्सला सोडून आलो. गाडीत कुकर, तांदूळ, गोडा मसाला, आणि तो कॉम्प्युटर. परत येताना चार तास आम्ही दोघं फारसं बोललो नाही.

आता तपशील बाहेर आले आहेत. फिक्सवाल्यांनाही विजेत १७ पेन्सपर्यंत आणि गॅसमध्ये ४.२ पेन्सपर्यंत सूट, फक्त ३४ आणि १०.३ च्या खाली जायचं नाही. म्हणजे माझे ४७ आणि १३ सुद्धा ऑक्टोबरपासून ३४ आणि १०.३ झाले असते. रद्द करून मी वाचवले ते सप्टेंबरचे उरलेले दिवस, पन्नासएक पौंड. त्यासाठी एक तास फोन, आणि चौदा दिवसांची झोप.

वरच्या खोलीत गेले होते. पडद्यावर आज दिवसाचे पाच युनिट. एरवी नऊ असतात.

३० सप्टेंबर, शुक्रवार

मध्यरात्रीपासून नवा दर. ३१ मार्चला सगळा देश एकाच दिवशी रीडिंग द्यायला गेला आणि कंपन्यांच्या वेबसाइट कोसळल्या, म्हणून या वेळी सकाळी सहालाच दोन्ही मीटरचे फोटो काढले. गॅसच्या फोटोत मखराचा सोनेरी कागद आला आहे.

१७ ऑक्टोबर, सोमवार

अर्थमंत्री नवे, तीन दिवसांचे. हंटसाहेबांनी आज जाहीर केलं, अडीच हजारांची ती हमी दोन वर्षं नाही, फक्त एप्रिलपर्यंत. पुढे सरसकट नाही, गरजूंसाठी काहीतरी बघू. एप्रिलनंतर सरासरी बिल चार हजारांवर जाईल असे अंदाज लगेच आलेसुद्धा.

वही काढली. तो फिक्स राहिला असता तर पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत ४७ च्या वर एक पेनी चढली नसती. ज्या दोन वर्षांच्या जोरावर मी तो मोडला, ती दोन वर्षं पाच आठवडे टिकली. आता कंपनीच्या खात्यात फिक्सचं पान उघडलं की फक्त 'सध्या उपलब्ध नाही'.

ह्यांना सांगितलं. मला वाटलं, आता तरी म्हणतील की तेव्हा थांबायला हवं होतं. हे म्हणाले, "कुठल्या दिवशी?"

कपडे वाळवायचं मशीन मात्र या आठवड्यापासून बंद. एका फेरीला चार युनिट, पडद्यावर बघितले. आता पाहुण्यांच्या खोलीत दोरी बांधली आहे. ओल्या पंच्याचा वास, खिडकीच्या काचेवर घाम. कराडचा पावसाळाच घरात आला आहे.

२४ ऑक्टोबर, सोमवार. लक्ष्मीपूजन

पुन्हा अमावास्या. लक्ष्मी येते तीही अमावास्येलाच, हे मी त्या दिवशी आईला म्हणायला हवं होतं. आज फोनवर म्हटलं. "ती लक्ष्मी," आई म्हणाली, "कंपनी नव्हे."

दुपारी ट्रसबाईंच्या जागी सुनक पंतप्रधान होणार हे नक्की झालं. मंडळाच्या ग्रुपवर पणत्यांचे फोटो आणि त्यांचे फोटो, एकाआड एक. चारशेतले पहिले ६६ पौंड आमच्या खात्यात कधीच जमा झाले, काही करावं लागलं नाही. आजींना मात्र व्हाउचर टपालाने यायचं होतं, ते परवा आलं, आणि त्यांचा गुडघा दुखतोय. संध्याकाळी पूजेआधी मी व्हाउचर आणि किल्ली घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराने किल्ली यंत्रात घातली, व्हाउचरवरचा पट्टा वाचला, पावती फाडून दिली. ६६.

आजींच्या दारामागे मीटर आहे, डोक्याच्या उंचीवर. किल्ली मीच खोचली. आकडा हलला, थांबला: ५४.

"बाकीचे बारा?" मी विचारलं.

"दहा उसने होते. उरलेला रोजचा आकार, शुक्रवारपासून तुंबलेला," त्या म्हणाल्या. शुक्रवारपासून त्या उसन्या विजेवर होत्या, भिंतीपलीकडे. मग हात पुढे केला. "आणि त्या डब्यात काय आहे? त्या गोल गोल, काटेरी?"